फोटोमागे नावे लिहा. नाहीतर इतिहास निनावी राहील!

बाबासाहेबांचे एक कौटुंबिक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. टॉबी नावाचा कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाईंचे निधन झाले. हे छायाचित्र आज आपल्याशी बोलते, कारण त्यातल्या प्रत्येकाचे नाव, नाते, ठिकाण आणि काळ कोणीतरी नोंदवून ठेवला. राजगृहातल्या कुत्र्याचेसुद्धा नाव आपल्याला ठाऊक आहे. मग प्रश्न असा की, आपल्या स्वतःच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत जे फोटो पडले आहेत, त्यातल्या किती माणसांची नावे आपल्याला सांगता येतील?

बाबासाहेबांची छायाचित्रे, पत्रे, भाषणे जपली गेली, ती कार्यकर्त्यांच्या कष्टातून. वसंत मून यांनी शासनाच्या ग्रंथमालेसाठी आयुष्य वेचले. तिचा पहिला खंड १९७९ साली निघाला. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची दुर्मीळ छायाचित्रे चिकाटीने जमवली. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र आज पाहता येते. परंतु बाबासाहेबांच्या मागे जी लाखो माणसे चालली, त्यांचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला पोहोचलेली, १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली, १९७९ च्या लाँग मार्चमध्ये पाय सोलवटून घेतलेली, १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत लाठ्या खाल्लेली माणसे कोणत्या संग्रहालयात आहेत? कोणत्याच नाहीत. ती आपल्या माळ्यावर आहेत, कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली आहेत, मिठाईच्या रिकाम्या डब्यात आहेत. प्रस्थापितांच्या कॅमेऱ्याने आपल्याकडे क्वचितच पाहिले. गिरणीतल्या, रेल्वेतल्या, लष्करातल्या आपल्या माणसांनी पगारातले पैसे बाजूला काढून स्टुडिओत उभे राहून जे फोटो काढून घेतले, तेच आपले दस्तऐवज आहेत.

काही मंडळी म्हणतील, गावोगावी अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, नोकऱ्या कंत्राटी झाल्या आहेत, आणि तुम्ही फोटो कसले घेऊन बसलात? त्यांना आमचे उत्तर असे की, लढाईत पुरावा लागतो, आणि ज्या समाजाला आपले आजोबा-पणजोबा नावानिशी सांगता येत नाहीत, त्याला पुराव्याच्या प्रत्येक दारात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. वकिलीच्या धंद्यात हे आम्ही रोज पाहतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये मृत व्यक्तींच्या विधानांची तरतूद होती. त्याच्या सहाव्या पोटकलमात म्हटले होते की, मृत व्यक्तींमधील रक्ताचे, विवाहाचे किंवा दत्तकाचे नाते सांगणारे विधान मृत्युपत्रात, वंशावळीत, थडग्यावर किंवा कुटुंबाच्या चित्रावर केलेले असेल, आणि ते वाद निर्माण होण्यापूर्वीचे असेल, तर न्यायालयाला ते विचारात घेता येते. १ जुलै २०२४ पासून जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. त्यातही ही तरतूद कलम २६ मध्ये कायम आहे. म्हणजे आजीने फोटोच्या पाठीवर वेड्यावाकड्या अक्षरात 'हे माझे मामेसासरे' असे लिहून ठेवले असेल, तर ती ओळ तिच्या मृत्यूनंतरही साक्ष देऊ शकते. मात्र 'वाद निर्माण होण्यापूर्वी' ही अट ध्यानात घ्या. वारसाचा दावा दाखल झाल्यावर घाईघाईने लिहिलेल्या नावाला ती किंमत नाही. म्हणूनच, भांडण नाही, कोर्ट नाही, सगळे सुरळीत आहे, अशा आजच्या दिवशी लिहायचे असते.

जातपडताळणीचेही तसेच. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. नुसत्या फोटोने जात सिद्ध होत नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. परंतु त्या फोटोमागे आजोबांच्या चुलत भावाचे पूर्ण नाव आणि गाव लिहिलेले असेल, तर त्यांच्या शाळेचे रजिस्टर शोधता येते, वंशावळीचे शपथपत्र नीट करता येते, दाखल्यापर्यंतची वाट सापडते. त्यात धम्मदीक्षेनंतर आपल्यातल्या अनेक कुटुंबांनी नावे आणि आडनावे बदलली. शाळेच्या रजिस्टरात जुने नाव आणि रेशनकार्डावर नवे, ही गाठ सोडवताना आजची मुले रडकुंडीला येतात. तेव्हा फोटोमागे दोन्ही नावे लिहा, आधीचे आणि नंतरचे. जुन्या नावाची लाज वाटण्याचे कारण नाही. ते नाव टाकून देण्याचा पराक्रम कोणी केला, हेच तर नोंदवायचे आहे.

आणि बायकांची नावे लिहा! आपल्या घरातल्या ग्रुप फोटोमागे जिथे काही लिहिलेले असते, तिथेही पुरुषांची नावे आडनावासह आणि बायकांच्या जागी 'यांची पत्नी', 'यांची आई' एवढेच असते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. सत्याग्रहात लेकरू काखेला मारून गेलेल्या बाया त्यांना शोधून काढाव्या लागल्या, कारण त्यांची नोंद कोणी ठेवली नव्हती. ते काम प्रत्येक घराने आपापल्या पुरते करायला हरकत काय? तिचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव आणि ती काय काम करत होती, हे लिहा.

हे सगळे आजच का? १९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. आपल्याकडे फोटोची आठवण केव्हा होते? माणूस गेल्यावर. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी मोठा फोटो हवा असतो. मग ट्रंक उघडली जाते, पंचवीस माणसांच्या ग्रुप फोटोतून एक चेहरा बॅनरवाल्याला कापून दिला जातो, आणि मूळ फोटो त्याच्या दुकानातच राहतो. उरलेली चोवीस माणसे कोण होती, हे ज्याला माहीत होते त्याचेच तर पुण्यानुमोदन असते! बीडीडी चाळींसारख्या आपल्या जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास होत असताना सामान हलवण्याच्या गडबडीत जुन्या पिशव्या भंगारात जातात, हा आणखी एक धोका.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. पहिल्या दिवशी सगळे फोटो जमिनीवर पसरून त्यांचा काला करू नका. जे फोटो एका पाकिटात, एका अल्बममध्ये एकत्र आहेत ते तसेच राहू द्या. ते एकत्र आहेत यातही माहिती असते. एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि वहीत लिहा: कोण कोण आहे (मागची रांग आधी, डावीकडून उजवीकडे), कुठे, केव्हा, कोणता प्रसंग, आणि ही माहिती कोणी, कोणत्या तारखेला सांगितली. खात्री नसेल तर 'बहुधा' असे लिहा. खोटी खात्री ही निनावीपणाहून वाईट. सुरुवात सर्वांत जुन्या फोटोपासून नव्हे, तर जो फोटो घरातल्या फक्त सर्वांत वयस्क माणसालाच ओळखता येतो, त्यापासून करा. तारीख आठवत नसेल तर स्टुडिओचा शिक्का, मागच्या बॅनरवरची अक्षरे, महार रेजिमेंटच्या जवानाच्या टोपीवरचे चिन्ह, कडेवरच्या बाळाचे आजचे वय, यांवरून साल काढता येते.

जुन्या कृष्णधवल फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. रंगीत फोटोच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही. तो कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर आधीच लिहून ठेवा. चिकट पानांचे अल्बम हे फोटोचे शत्रू. त्यांचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून फोटोला धरून बसतो. सेलोटेप, रबरबँड, टाचण्या, लॅमिनेशन, वर्तमानपत्राचा कागद, डांबरगोळ्या, यातले काहीही फोटोजवळ नको. तसबिरीच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका; काचेसकटच त्याची प्रत काढून घ्या.

पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी होतो, आणि बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट पावसाळ्यात ओल धरते. फोटो घराच्या आतल्या भिंतीजवळच्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी घरांतले अल्बम पाण्यात गेले. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत तेच झाले. फोटो भिजलेच तर गठ्ठा तसाच वाळू देऊ नका, तो कायमचा चिकटतो. ओले असतानाच एकेक अलगद सोडवा, स्वच्छ थंड पाण्यात बुडवून काढा आणि चेहरा वर करून सावलीत वाळवा.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आजोबांचा १९५६ चा कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत असतो आणि ताईच्या लग्नाचा १९८५ चा रंगीत फोटो लालसर पडलेला असतो. रंगीत फोटोतले रंग अंधारातसुद्धा उडत जातात, उष्णतेने अधिकच लवकर. म्हणून स्कॅन करायचे तर रंगीत फोटो आधी घ्या. छोटा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे. त्यात बारकावे गळतात. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो फेकू नका. न्यायालयात स्कॅन हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख ठरतो आणि त्याला कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. मूळ कागद तो मूळ कागदच. निगेटिव्ह असतील तर त्या वेगळ्या पाकिटात जपा.

मूळ फोटो कोणालाही देऊ नका. स्मरणिकेला, पुस्तकाला, संशोधकाला स्कॅन द्या. द्यावाच लागला तर पोच लिहून घ्या, मग मागणारा कितीही मोठा पुढारी असो. चळवळीत विश्वास हवाच. पण पोचपावती हा अविश्वास नव्हे, ती शिस्त आहे.

हे काम एकेका घराचे असले तरी विहाराने ते हाती घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला सारी वस्ती जमते. त्या तीन महिन्यांत मूळ फोटो बाहेर काढू नयेत, हवा दमट असते. पण मोबाईलमधल्या प्रती दाखवून ज्येष्ठ उपासक-उपासिकांकडून नावे लिहून घेता येतील. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर हवा कोरडी झाली की मूळ फोटो काढावेत, पाकिटे करावीत, स्कॅन करावेत, आणि १४ एप्रिलला विहाराच्या भिंतीवर त्या प्रतींचे नावांसकट प्रदर्शन भरवावे. खर्च किती? वह्या, पेन्सिली, पाकिटे आणि एखादा स्कॅनर. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात अख्ख्या वस्तीचे काम होईल. ते काम वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी उचलावे, आणि मोबाईलची जाण नसलेल्या आजीला त्यांनी शिकवू नये, तिच्याकडून शिकावे.

शासन आपल्यासाठी हे करील म्हणून थांबण्यात अर्थ नाही. शासनाला आपल्या आजीचे नाव माहीत नाही. ते फक्त आपल्याच घरात एका माणसाला माहीत आहे, आणि त्या माणसाचे वय झाले आहे. या रविवारी त्यांच्याजवळ वही आणि पेन्सिल घेऊन बसा.

जय भीम!