पोस्टर नको, पासपोर्ट द्या

भावांनो, पगार थकवताना पकडली गेली की कंपनी कॅम्पात पोस्टर लावते, साहेब 'आपण एक कुटुंब' म्हणतात. टाळ्या नंतर वाजवा, आधी विचारा: आमचे पासपोर्ट कुठायत? कतारमध्ये तुम्ही लेखी न सांगता मालकाने पासपोर्ट ठेवणं २०१५ च्या कायद्याने गुन्हा आहे, दंड २५,००० रियालपर्यंत.

२०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या कामांवर अनेक ठेकेदारांनी मजुरांनी एजंटला भरलेले पैसे पगारासोबत हप्त्याहप्त्याने परत केले, तेही पावती न मागता. (एजंट पावती देतो कुठे म्हणा!) म्हणजे आधी कंपनीने मजुराच्या शब्दावर विश्वास ठेवला.

आणि मागच्या वेळी तक्रार करणारा आपला माणूस अजून कामावर आहे, की गुपचूप विमानात बसवला? हेही विचारा. एकट्याने नको, चार-पाच जण मिळून जा.