थंडीतला मधुचंद्र

हिवाळी मधुचंद्रासाठी युरोपात माल्टा किंवा मदेरा निवडतात. तिथली थंडी सौम्य, समुद्र जवळ. आमच्या बीड जिल्ह्यातली नवी नवरीही थंडीतच प्रवासाला निघते. कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटक. ठिकाण मुकादम ठरवतो. जोडपे म्हणजे एक कोयता, म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईची ‘गेटकेन’ लग्ने लागतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. उचल नवऱ्याच्या हाती, मोळी तिच्या डोक्यावर. रात्री कोपीला दार नाही. मधुचंद्राची मी चेष्टा करत नाही. दोघांनी मिळून ठिकाण निवडावे, ही मला चैन वाटत नाही. पण उचलीच्या कागदावर तिचे वेगळे नाव कधी येणार? दसऱ्यानंतर टोळ्या हलतात. मैत्रिणींनो, त्याआधी गावोगावच्या मुकादमांकडे हे विचारायला चला.