रहस्यभेदाचा बागुलबुवा

घरबसल्या पाहावयाच्या भयपटांचे आणि थरारपटांचे परीक्षण दोन ओळींत आटोपावे, त्यांत भीती वाटली किंवा नाही एवढेच नमूद करावे आणि कथेतील रहस्याविषयी चकार शब्द काढू नये, असे मानणारा एक पंथ अलीकडे समीक्षेच्या प्रांतात बोकाळला आहे. या पंथाच्या एका कैवाऱ्याने नुकतेच असे प्रतिपादन केले की, भयपट हा करमणुकीचा माल आहे, मालाची पारख ग्राहक करतो, आणि शेवट उघड करणारा परीक्षक हा प्रेक्षकाच्या आनंदावर दरोडा घालणारा गुन्हेगार समजावा. खाली तारकांची संख्या लिहिली की फैसला झाला!

भीती माणसागणिक बदलते, तेव्हा परीक्षक कितीदा दचकला याची नोंद वाचकाच्या काही कामाची नाही. आणि माल म्हणाल, तर रहस्यकथाही एके काळी मालच ठरविल्या गेल्या होत्या. त्यांस वाङ्मय म्हणावे की नाही यावर चौकाचौकांत खडाजंगी करणारे विद्वान त्या उशाखाली ठेवून वाचीत असत.

रहस्यभेदाच्या निषेधाचा मुद्दा मात्र असा वाटेवर टाकून देण्याजोगा नाही, कारण त्यानेच भयपटांच्या समीक्षेचा गळा आवळला आहे. 1960 साली ‘सायको’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याचा दिग्दर्शक हिचकॉक याने खेळ सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये अशी ताकीद चित्रपटगृहांना दिली आणि शेवट कोणास सांगू नये अशी विनंती प्रेक्षकांना केली. ती तजवीज विक्रेत्याची होती आणि विक्रेत्याने ती करणे रास्तच होते. परंतु विक्रेत्याचे फर्मान परीक्षकाने धर्माज्ञा म्हणून शिरोधार्य मानावे, यात परीक्षकाची पराधीनता आहे. शिवाय त्या चित्रपटाचे गुपित आज जगजाहीर असूनही तो लोक पुनःपुन्हा पाहतात, यावरून त्याचे सामर्थ्य गुपितात नव्हते हे उघड होते. आपल्या कोकणातील दशावतारात संकासुराचा वध होणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही तो काळा वेष रंगमंचावर अवतरला की तेच पोर आईच्या पदराआड दडते. करुण रसापासून आनंद कसा होतो, या प्रश्नावर मराठीत एके काळी पिढ्यांनी लेखण्या झिजविल्या, पण प्रेक्षकाला शेवट ठाऊक असला तर रसहानी होते, असे त्या वादातल्या कोणत्याही पक्षाने म्हटल्याचे मला स्मरत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण घ्या. विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ 2017 साली आला, आणि त्याच दिग्दर्शकाने 2021 साली त्याचा ‘छोरी’ हा हिंदी अवतार ॲमेझॉन प्राइमवर आणला. मौनव्रत पाळून या चित्रपटांविषयी काय सांगता येईल? उसाच्या फडात एक एकाकी घर आहे, तेथे एक गर्भवती स्त्री येते आणि तिला भयंकर गोष्टी दिसतात. एवढेच! त्या घराने पोटात दडविलेले पाप मुलींच्या हत्येचे आहे, हे उच्चारल्यावाचून त्या घरातील वृद्धेच्या मायाळू बोलण्याने भुतांपेक्षाही अधिक थरकाप का होतो, हे समजावून देता येत नाही. आणि जिवंत माणसांचे अपराध पिशाचांच्या गदारोळात झाकले जातात काय, हा या चित्रपटांना विचारावयाचा मुख्य प्रश्नही विचारता येत नाही.

राहुल सदाशिवन यांच्या ‘भूतकालम’ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. 2022 साली सोनीलिव्हवर आलेल्या या मल्याळम चित्रपटात विषण्णतेने ग्रासलेली आई आणि बेकार मुलगा एका घरात राहतात. मुलाला जे ऐकू येते ते भूत की मनोविकार, हा संशय दिग्दर्शक विलक्षण संयमाने लांबवितो, आणि आईची भूमिका करणाऱ्या रेवतीचा थकलेला, चिडका, भेदरलेला चेहरा तो संशय अखेरपर्यंत पेलून धरतो. शेवटी आईला मुलाच्या शब्दाचा प्रत्यय येतो आणि दोघे एकत्र त्या भयाला तोंड देतात. माझ्या मते चित्रपटाचा प्राण येथेच आहे, कारण त्या घरातील खरी भयानकता भुताची नव्हती. आपला शब्द जन्मदात्रीलाही खरा वाटत नाही, ही होती. हे न सांगता दिलेल्या चार तारका कोणत्या गुणाला मिळाल्या?

मग परीक्षकाने करावे काय? आरंभीच स्पष्ट बजवावे की पुढे शेवटाची चर्चा आहे, आणि मग ती निर्भीडपणे करावी. चित्रपट गुरुवारी पडद्यावरून उतरण्याच्या काळात परीक्षण दारावरच्या पहारेकऱ्यासारखे होते. आता बहुधा चित्रपट महिनोन्‌महिने जागेवर असतो, तेव्हा तो पाहून झाल्यावर परीक्षण वाचण्याची सोयही आयतीच झालेली आहे. आणखी एक आग्रह असा की, मल्याळम चित्रपटाचे परीक्षण हिंदी आवाजांतील प्रत पाहून लिहू नये. ‘भ्रमयुगम’ या मल्याळम चित्रपटातील काळ्यापांढऱ्या अंधाराइतकेच त्यातील अभिनेता मम्मूट्टी याच्या आवाजातील संथ, तृप्त क्रौर्य भयाला कारण होते, तो आवाज न ऐकता लिहिलेला अभिप्राय अर्ध्या चित्रपटाचा होतो, आणि तसे त्या अभिप्रायात लिहिलेले मात्र आढळत नाही.