पदक अडीच वर्षांनी मिळालं. बर्फावरच्या खेळात गुण मोजतात कसे, कापतात कसे?

पॅरिसमध्ये ७ ऑगस्टला सकाळी विनेश फोगाट १०० ग्रॅम वजनाने बाद झाली आणि दिवसभर गावोगावच्या पारावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच विषय राहिला. त्याच दिवशी, त्याच शहरात, आयफेल टॉवरसमोर आणखी एक कार्यक्रम झाला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. अमेरिका आणि जपानच्या फिगर स्केटिंग संघांना तिथं पदकं देण्यात आली. ही पदकं या ऑलिम्पिकची नव्हतीच. ती होती २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकची. स्पर्धा संपली ७ फेब्रुवारी २०२२ ला, पदक गळ्यात पडलं ७ ऑगस्ट २०२४ ला. बरोबर अडीच वर्षं.

बर्फावर नाचण्याच्या खेळाशी आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण दोन्ही प्रकरणं एकाच दारात गेली होती. विनेशचं अपील ज्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला फेटाळलं, त्याच लवादाने २ ऑगस्टला याच स्केटिंगच्या निकालावरून कॅनडाचं अपील फेटाळलं. एका ठिकाणी १०० ग्रॅमचा प्रश्न होता, दुसऱ्या ठिकाणी एका गुणाचा. नियम काय, तो कसा लावायचा आणि त्यात कोण भरडतं, हे समजून घ्यायला हे दुसरं प्रकरण जास्त उपयोगाचं आहे.

दूध डेअरीसारखा हिशोब

भालाफेकीत टेप लावला की विषय संपला. नीरज चोप्राचा भाला ८९.४५ मीटर गेला, पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा ९२.९७ मीटर. वाद नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं, तिथं ४५१.४ हा आकडा यंत्राने दिला. फिगर स्केटिंगचं तसं नाही. इथं माणसं बघतात आणि गुण देतात. मल्लखांब, जिम्नॅस्टिक, योगासनं यांच्यासारखंच.

मग माणसाने दिलेल्या गुणांवर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी या खेळाने जी पद्धत बसवली आहे ती डेअरीवर दूध घालणाऱ्याला लगेच समजेल. डेअरीत आधी दरपत्रक असतं. मग फॅट आणि एसएनएफ बघून भाव वर जातो किंवा खाली येतो. स्केटिंगमध्येही प्रत्येक उडीचा मूळ भाव आधीच छापलेला असतो. लुट्झ नावाच्या उडीत हवेत तीन फेऱ्या मारल्या तर मूळ किंमत ५.९० गुण. त्याच उडीत चार फेऱ्या मारल्या तर ११.५०. टो लूप ही त्यातल्या त्यात सोपी उडी, तिच्या तीन फेऱ्यांना ४.२०, चार फेऱ्यांना ९.५०. सगळ्यात महाग उडी अॅक्सेल. बाकीच्या उड्या मागे तोंड करून घ्यायच्या, ही एकच पुढे तोंड करून घ्यायची असते. त्यामुळे अर्धी फेरी जास्त बसते. चौपट अॅक्सेलला १२.५० गुण आहेत.

हा झाला मूळ भाव. त्यावर नऊ पंच प्रतवारी लावतात. उणे ५ ते अधिक ५ असा त्यांचा पट्टा असतो. एक पायरी म्हणजे मूळ भावाचे दहा टक्के. नऊ पंचांपैकी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी देणारा असे दोघे बाजूला काढतात आणि उरलेल्या सातांची सरासरी धरतात. म्हणजे एखाद्या पंचाने आपल्या माणसाला उगाच वर चढवायचं ठरवलं, तरी त्याचाच आकडा बाद होण्याची शक्यता जास्त.

उदाहरण घेऊ. खेळाडूने ५.९० ची तिहेरी लुट्झ मारली आणि सरासरी अधिक ३ आली. तीस टक्के म्हणजे १.७७. एकूण ७.६७. तीच उडी मारताना ती पडली तर उणे ५, म्हणजे निम्मा भाव गेला, उरले २.९५. शिवाय पडल्याचा एक गुण वेगळा कापतात. हातात राहिले १.९५.

पंचांच्या शिवाय आणखी एक तांत्रिक मंडळ बसलेलं असतं. ते व्हिडिओ सावकाश फिरवून बघतं. फेरी पाव भागापेक्षा जास्त कमी पडली तर मूळ भाव ८० टक्क्यांवर येतो. अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर चौपट उडी तिपटीच्या भावात मोजतात. डोळ्यांना उडी सुंदर दिसली, टाळ्या पडल्या, पण कागदावर भाव घसरला, असं बऱ्याचदा होतं ते यामुळं.

उड्यांच्या जोडीला गिरक्या, पावलांची कसरत आणि सादरीकरण असतं. कार्यक्रमाची रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य अशा तीन विषयांत दहापैकी गुण देतात. २०२२ पर्यंत असे पाच विषय होते, नंतर तीन केले. प्रत्येक खेळाडू दोनदा बर्फावर उतरतो. पहिला छोटा कार्यक्रम सुमारे २ मिनिटं ४० सेकंदांचा, दुसरा मोठा ४ मिनिटांचा. दोन्हींची बेरीज म्हणजे निकाल.

ही पद्धत भांडणातून आली

आधी असा हिशोब नव्हता. पंच सहापैकी गुण द्यायचे आणि त्यावरून क्रमांक ठरायचा. कशाला किती दिले ते बाहेरच्याला कळायचं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीला हिवाळी ऑलिम्पिक झालं. जोडी प्रकारात रशियाच्या जोडीला सुवर्ण मिळालं, कॅनडाच्या सॅले आणि पेलेटिए यांना रौप्य. नंतर फ्रान्सच्या पंच बाईंनी आपल्यावर दबाव होता असं सांगितल्याचं बाहेर आलं. एवढा गदारोळ झाला की कॅनडाच्या जोडीलाही दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर २००४ मध्ये ही नवी पद्धत आली.

तरी एक खोट बरीच वर्षं राहिली. कोणत्या पंचाने किती दिले, ती नावं झाकलेली असायची. २०१६ मध्ये महासंघाने तो पडदाही काढला. आता प्रत्येक स्पर्धेनंतर गुणपत्रक निघतं. त्यात प्रत्येक उडीचा भाव, कापलेला भाग आणि प्रत्येक पंचाचा आकडा दिसतो. कुणीही उघडून बघावं.

बीजिंगमध्ये काय झालं

बीजिंगच्या सांघिक स्पर्धेत चार प्रकार होते. पुरुष, महिला, जोडी आणि बर्फावरचं नृत्य. प्रत्येक प्रकारात दोन फेऱ्या. फेरीत पहिला येणाऱ्या देशाला १० गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत जायचं. रशियाचा संघ ७४ गुणांवर पहिला आला. अमेरिका ६५, जपान ६३, कॅनडा ५३.

रशियाकडून महिलांच्या दोन्ही फेऱ्या कामिला वालिएवाने जिंकल्या. वय १५ वर्षं. ऑलिम्पिकमध्ये चार फेऱ्यांची उडी मारणारी पहिली मुलगी म्हणून जगभर तिचं नाव झालं. दुसऱ्याच दिवशी, ८ फेब्रुवारीला, प्रयोगशाळेचा अहवाल आला. २५ डिसेंबर २०२१ ला रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन सापडलं होतं. हे हृदयरोगावरचं औषध. छातीत दुखण्याच्या त्रासावर आपल्याकडेही डॉक्टर ते लिहून देतात. खेळात मात्र त्यावर बंदी आहे. आजोबांच्या औषधाचा अंश पोटात गेला, असं तिच्या बाजूने सांगण्यात आलं.

पदक वाटप थांबलं. तिचं वय १६ च्या आत असल्याने लवादाने तिला वैयक्तिक स्पर्धेत खेळू दिलं. तिथं ती सारखी पडली आणि चौथी आली. अंतिम निकाल लागला तो २९ जानेवारी २०२४ ला. लवादाला आजोबांच्या औषधाचं म्हणणं पटलं नाही. नमुना घेतल्या दिवसापासून चार वर्षं बंदी आणि मधले सगळे निकाल रद्द.

एका गुणाचं राजकारण

खरा पेच इथून पुढं आहे. वालिएवाने मिळवलेले १० आणि १० असे २० गुण गेले. ७४ मधून २० वजा, रशियाचे उरले ५४. कॅनडाचे ५३. म्हणजे अमेरिका सुवर्ण, जपान रौप्य आणि एका गुणाने कांस्य पुन्हा रशियाला.

कॅनडाचं म्हणणं सरळ होतं. पहिली आलेली मुलगी बाद झाली, तर मागच्या सगळ्या एकेक पायरी वर आल्या पाहिजेत. कॅनडाची मॅडलिन शिझास दोन्ही फेऱ्यांत तिसरी होती. ती दुसरी झाली तर ८ च्या जागी ९, दोनदा. कॅनडाचे ५५ होतात आणि रशिया ५४ वर चौथा जातो. महासंघाने मात्र वालिएवाचे गुण फक्त काढून टाकले, मागच्यांना वर सरकवलं नाही. पहिल्या दोन क्रमांकांना याने फरक पडत नव्हता. सगळा फरक कांस्याचा होता.

हे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखं आहे. निवडून आलेल्या सदस्याने जातवैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही आणि तो अपात्र ठरला, तर दुसऱ्या क्रमांकाची मतं घेणारा आपोआप सदस्य होत नाही. जागा रिकामी होते. महासंघानेही जागा रिकामी ठेवली. फरक एवढाच की ग्रामपंचायतीत पुन्हा निवडणूक लागते, बर्फावरची स्पर्धा पुन्हा घेता येत नाही.

नियमाचा कोणता अर्थ न्यायाचा, यावर दोन मतं होऊ शकतात. एकटा खेळाडू बाद झाला की मागचे वर येतात, ही रीत सगळ्या खेळांत आहे. तिथं कॅनडाच्या बोलण्यात दम होता. पण संघाच्या बेरजेत ती रीत लावायची असेल तर ते नियमात आधीच स्पष्ट लिहिलेलं हवं. स्पर्धेनंतर दोन वर्षांनी अर्थ लावत बसायची वेळ आली, हीच मोठी चूक. लवादाने महासंघाचा निर्णय कायम ठेवला. रशियानेही वरच्या निकालाविरुद्ध दाद मागितली होती, तीही गेली.

आकड्यांनी पोरींना कुठं ढकललं

या प्रकरणाच्या मुळाशी दरपत्रकच आहे. आकडे परत बघा. चार फेऱ्यांची टो लूप मारताना पडलं तरी निम्मे ४.७५ मिळतात, पडल्याचा एक गुण गेला की ३.७५. तीन फेऱ्यांची तीच उडी नीट मारली तर ४.२०. म्हणजे मोठी उडी मारून आपटलं तरी नुकसान जेमतेम अर्ध्या गुणाचं आणि जमली तर फायदा पाच गुणांच्या वर. कुठलाही प्रशिक्षक काय सांगणार? मोठी उडीच मार.

आता हवेत पाऊण सेकंदाच्या आत चार फेऱ्या घ्यायच्या तर अंग हलकं आणि बारीक लागतं. वयात आलेल्या मुलीचं अंग भरतं, फिरण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे चौपट उड्यांची शर्यत १४-१५ वर्षांच्या मुलींवर येऊन ठेपली. रोज तासन् तास तीच उडी, तेच आपटणं. घोटा, गुडघा, कंबर या वयात झिजली तर पुढं आयुष्यभर बोलते.

महासंघाला हे उशिरा का होईना कळलं. जून २०२२ मध्ये मोठ्या गटासाठी किमान वय १५ वरून १७ करायचा ठराव १०० विरुद्ध १६ मतांनी झाला. आधी १६ केलं आणि आता २०२४-२५ च्या हंगामापासून १७ लागू झालं. हा नियम आधी असता तर वालिएवा बीजिंगला गेलीच नसती.

आपल्या तालुक्यात याचा अर्थ काय

आपल्याकडे बर्फ नाही, पण पंचांनी गुण द्यायचे खेळ आहेत. मल्लखांब आणि योगासनं खेलो इंडियात आहेत. जिल्हास्तरावर पोरगं दोन दशांशाने हुकतं आणि घरी येऊन म्हणतं, पंच त्यांचाच होता. कधी ते खरं असतं, कधी नसतं. खरं काय ते कळायला गुणपत्रक हातात पडलं पाहिजे. कोणत्या हालचालीला किती, कुठं किती कापले, हे कागदावर आलं तर निम्मी भांडणं जागेवर मिटतील आणि उरलेली निम्मी तरी पुराव्याने लढता येतील. स्केटिंगवाल्यांनाही हे एका फजितीनंतरच सुचलं. जिल्हा क्रीडा संघटनांना ते करायला बर्फ लागत नाही, एक छापील तक्ता पुरतो. दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांचा हिशोब याच स्पर्धांवर होत असेल तर हे मागायचा पालकांना हक्क आहे.

दुसरी गोष्ट गोळ्या-पावडरीची. तालुक्याच्या जिममध्ये डब्यावर काय लिहिलंय ते न वाचता पोरं पावडर घेतात. घरातल्या म्हाताऱ्यांची औषधं फळीवर उघडी पडलेली असतात. डोपिंगच्या नियमात ‘चुकून पोटात गेलं’ हे नुसतं म्हणून चालत नाही. ते सिद्ध करायचं ओझं खेळाडूवर असतं. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. राज्यपातळीवर खेळणाऱ्या पोराने खोकल्याचं औषध घेतानाही डॉक्टरला ‘मी खेळाडू आहे’ एवढं सांगितलं पाहिजे.

अमेरिका आणि जपानच्या खेळाडूंना उशिरा का होईना पदक मिळालं. कॅनडाच्या हातात काही आलं नाही. वालिएवावरची बंदी २५ डिसेंबर २०२५ ला संपली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. दरपत्रक मोठ्यांनी केलं होतं, उड्या मोठ्यांनी शिकवल्या होत्या, नियम मोठ्यांनी अर्धवट लिहिले होते. चार वर्षं मात्र १५ वर्षांच्या पोरीची गेली.