थाई मालिश : कोणी घ्यावी, कोणी टाळावी?

मिरकरवाड्यात उकिडवे बसून कोळंबी सोलणाऱ्या भगिनी असोत की आखातात वर्षानुवर्षे गाडी चालवून परतलेले भाऊ, कंबर, मान आणि गुडघ्यांची तक्रार घराघरांत आहे. सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो आणि मग हळूहळू नमाजसाठी खुर्ची येते. अशा वेळी कोणीतरी सुचवते, ‘थाई मसाज घ्या, अंग मोकळे होईल.’ मोठ्या शहरांतील काही पाट्यांमुळे या नावाला बदनामीही चिकटली आहे. म्हणून मूळ विद्या काय आहे, ते या महिन्यात पाहू.

थायलंडमध्ये तिला ‘नुआद थाई’ म्हणतात. तिथले लोक तिचे मूळ आपल्याच मगध देशातील वैद्य जीवक यांच्याकडे नेतात. बँकॉकच्या वाट फो या बौद्ध मंदिरात राजा राम तिसरा याने १८३० च्या दशकात दाबबिंदूंच्या आकृत्या शिळांवर कोरून घेतल्या. २०१९ मध्ये युनेस्कोने नुआद थाईची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

आपली मालिश तेलाची. थाई मालिशीत मात्र सहसा तेल नसते आणि कपडेही उतरवावे लागत नाहीत. सैल सुती कपड्यांत जमिनीवरच्या गादीवर झोपायचे. मालिश करणारा अंगठा, तळहात, कोपर यांनी सावकाश दाब देतो आणि हातपाय ताणतो. कधी हळद, गवती चहा, कापूर यांची पुरचुंडी वाफवून शेक देतात. यातील हळद आणि गवती चहा आपल्या परसातही मिळतात.

युनानी तिबमध्ये मालिशीला ‘दल्क’ म्हणतात. इब्न सिना यांनी तिचे प्रकार सांगितले आहेत : जोरकस मालिश अंग घट्ट करते, हलकी मालिश ते सैल करते. म्हणजे किती दाब द्यायचा, याचा विचार आपल्या हकिमांनीही केला होता.

फायदा काय? आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांची हालचाल सुधारते, झोप चांगली लागते. कंबरदुखीला काही दिवस आराम पडतो. पण झिजलेला गुडघा किंवा सरकलेली गादी मालिशीने पूर्ववत होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आखातातून विमान आणि पुढे मुंबईहून रत्नागिरीपर्यंत गाडी, असा लांबचा प्रवास करून माणूस घरी येतो. एकाच पायाची पोटरी सुजलेली, दुखरी आणि गरम असते. घरचे प्रेमाने पाय दाबायला बसतात. थांबा! शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दाबल्याने ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. आधी डॉक्टर गाठा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट इस्पितळ.

हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, गर्भवती, नुकतेच ऑपरेशन झालेले आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही मालिश घेऊ नये. मधुमेहात पाय बधिर झाले असतील, तर गरम शेक टाळावा; भाजलेले कळत नाही. मान झटक्याने कोणालाही मोडू देऊ नये.

सतर आणि परद्याचे भान तर हवेच. बाईची मालिश बाईने, पुरुषाची पुरुषाने करावी. तशी सोय नसेल, तर तिथून परत यावे. मालिशीआधी गुरूला वंदन करण्याची तिकडे रीत आहे. ती त्यांच्या धर्माची बाब आहे. दाबणे आणि ताणणे ही शरीराची विद्या आहे, आपण तेवढीच घ्यावी.

वर सांगितलेला धोका नसेल, तर घरीही थोडे करता येईल. इशानंतर सासूचे तळपाय सुनेने, वडिलांचे मुलाने अंगठ्याने हळूहळू दाबावेत. पाठीच्या मणक्यावर, हाडावर किंवा गुडघ्यामागच्या खळग्यात दाब देऊ नये. समोरच्याचा श्वास अडखळला, तर दाब जास्त झाला असे समजावे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ते कोणाच्या हाती द्यायचे, हे पारखूनच ठरवावे. अल्लाह सर्वांना तंदुरुस्ती देवो, आमीन.