जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही : चित्र दिसतं, मग आवाज कुठे जातो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठा टीव्ही घेणं थोडं सोपं झालं. पण हा टीव्ही भिंतीवर लागला आणि माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली उतरवला, की नागपुरातल्या घरातही तीच अडचण येते जी टोकियोतल्या घरात येते. पडद्यावर मारिओ पळतो, उड्या मारतो, पण आवाजाचा पत्ता नाही. किंवा येते ती फक्त कानाला टोचणारी गुणगुण.

बहुतेकदा निष्कर्ष लगेच निघतो : गेम खराब झाला. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा गेम ठणठणीत असतो आणि आवाज वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. नेमका कुठे, ते समजून घेऊ.

हे गेम नेमके कोणते?

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हा गेम बाजारात आणला. भारतात मात्र घराघरांत पोहोचल्या त्याच्या नकला. 'समुराई', 'मीडिया', 'लिटिल मास्टर' ही नावं नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवलेल्यांना आठवत असतील. वर खोचायची कॅसेट, दोन रिमोट आणि टीव्हीला जोडायची वायर. पुढे प्लेस्टेशन आणि प्लेस्टेशन २ आले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यातून ॲनालॉग सिग्नल बाहेर पडतो. आजचा टीव्ही मात्र एचडीएमआयच्या डिजिटल सिग्नलसाठी बनलेला आहे.

टीव्हीच्या मागचे रंगीत जॅक कुठे गेले?

पिवळा चित्रासाठी, पांढरा डाव्या आवाजासाठी, लाल उजव्या आवाजासाठी. ही तीन रंगांची भाषा जगभर एकच होती, त्यामुळे कोणत्याही कंपनीची वायर कोणत्याही टीव्हीला चालायची.

नागपूरचा केबल टीव्ही डिजिटल होण्यात या वायरीचा मोठा वाटा होता. केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नागपूर होतं आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. अँटेनाच्या सॉकेटमध्ये थेट लागणारी केबल गेली, सेट टॉप बॉक्स आला आणि तो अनेक घरांत याच तीन रंगांच्या वायरीने जोडला गेला. पुढे एचडी बॉक्स आले, त्यांनी एचडीएमआय वापरलं. रंगीत जॅकची गरज कमी झाली. टीव्ही सडपातळ होत गेले आणि कंपन्यांनी जागा वाचवायला सुरुवात केली.

आता अनेक टीव्हींवर तीन जॅकऐवजी एकच छोटं छिद्र असतं, हेडफोनसारखं, ३.५ मिमीचं. त्यात घालायची छोटी वायर टीव्हीच्या डब्यात मिळते किंवा वेगळी घ्यावी लागते. आवाजाची पहिली गडबड इथेच होते.

एकाच छिद्रात इतकी भानगड का?

या ३.५ मिमीच्या पिनेवर चार वेगवेगळे पट्टे असतात. एकातून चित्र, दोनांतून आवाज आणि एक पट्टा ग्राउंडचा. अडचण अशी की कोणत्या पट्ट्यावर काय असावं, याबाबत सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. दिसायला वायरी सारख्याच, आतली जोडणी वेगळी.

चुकीची वायर लागली तर चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेत घुसतो आणि स्पीकरमधून कर्कश गुणगुण येते. याची खूण सोपी आहे. पडदा उजळ झाला की गुणगुण बदलत असेल आणि काळा झाला की कमी होत असेल, तर दोष वायरीचा आहे.

उपायाला पैसे लागत नाहीत. दुसऱ्या टोकाच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची अदलाबदल करून बघा. ग्राउंडचा पट्टा जुळत असेल, तर एखाद्या जोडणीत चित्र आणि आवाज दोन्ही येतात. ग्राउंडच वेगळा असेल तर अदलाबदल उपयोगाची नाही. त्याच टीव्हीसाठी बनलेली वायर घ्यावी लागते.

तीन किंवा पाच जॅक असतील तर?

मग लाल रंग फसवतो. ज्या टीव्हीवर हिरवा, निळा, लाल असे कंपोनंट व्हिडिओचे जॅक आहेत, तिथे लाल जॅक दोन असतात. एक चित्राचा, एक आवाजाचा. आवाजाची पिन चित्राच्या लाल जॅकमध्ये गेली, तर आवाज येणारच नाही. अनेक टीव्हींवर पिवळा जॅक वेगळा नसतो, हिरव्यालाच पिवळी पिन लावायची असते.

दुसरा मुद्दा मोनोचा. फॅमिकॉमच्या बहुतेक नकलांना आवाजाची एकच पिन असते. ती पांढऱ्या जॅकमध्ये लावा. फक्त डाव्या स्पीकरमधून आवाज आला तर ते बिघाडाचं लक्षण नाही. एका पिनेचे दोन फाटे करणारा कनेक्टर लावला की दोन्ही बाजूंनी आवाज येतो.

अँटेनाच्या वायरीने जोडला तर आवाज का जातो?

काही जुन्या गेमना फक्त अँटेनाच्या सॉकेटमध्ये जाणारी वायर असते. त्यात चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात, पण आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ठरावीक अंतरावर असते. हे अंतर देशागणिक बदलतं. भारताच्या पद्धतीत ते ५.५ मेगाहर्ट्झ, चीनमध्ये ६.५, तर जपान आणि अमेरिकेत ४.५.

चिनी बाजारासाठी बनलेला गेम भारतीय सेटिंगवरच्या टीव्हीला जोडला, तर चित्र सापडतं आणि आवाजाच्या जागी सळसळ येते. टीव्हीच्या मेनूत ॲनालॉग चॅनेलच्या मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये जा. तिथे साउंड सिस्टिमसाठी बीजी, डीके, आय, एम असे पर्याय असतात. एकेक लावून बघा. चिनी गेमला बहुधा डीके लागू पडतं. काही नव्या टीव्हींत ॲनालॉग ट्यूनरच नसतो. तिथे हा रस्ता बंद आहे.

एचडीएमआय कन्व्हर्टर घेतला की प्रश्न संपतो?

संपू शकतो, पण खरेदी करताना दोन गोष्टी पाहा. बाजारात दोन प्रकारचे डबे मिळतात. एक एव्हीचं एचडीएमआय करतो, दुसरा एचडीएमआयचं एव्ही. दिसायला जुळे भाऊ. जुन्या गेमसाठी पहिला हवा. दुसरा कितीही चांगला असला तरी काहीच दिसणार नाही. शिवाय या डब्याला यूएसबीतून ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा बहुधा लागतोच.

आवाज येतो पण उशिरा येतो, अशीही तक्रार असते. टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो. 'गेम मोड' सुरू केला की हा वेळ कमी होतो. आवाज ब्लूटूथ साउंडबारवर पाठवला असेल तर तो आणखी मागे पडतो, म्हणून साउंडबार वायरीने जोडा. उलट गेमची आवाजाची पिन थेट जुन्या होम थिएटरला लावली, तर उडीचा आवाज आधी आणि उडी नंतर, असंही होतं.

गेम खरंच खराब आहे, हे कसं ओळखायचं?

गेमची आवाजाची पिन टीव्हीऐवजी एखाद्या स्पीकरच्या ऑक्समध्ये लावा. तिथे आवाज आला तर गेम ठीक आहे, शोध वायर आणि टीव्हीत घ्या. तिथेही आवाज मंद किंवा घरघरीत असेल तर शंका आतल्या भागांवर घ्यायला जागा आहे.

इथे नागपूरचं ऊन आडवं येतं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो. गेममधल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो उष्णतेने सुकत जातो. वीस-पंचवीस उन्हाळे माळ्यावर काढलेल्या गेमचे कपॅसिटर बदलावे लागणं नवल नाही. सुटा भाग स्वस्त असतो आणि सोल्डरिंगचं काम जाणणारा कारागीर तो बदलू शकतो.

सतत एकसारखी घरघर येत असेल, चित्र बदललं तरी तशीच राहत असेल, तर अडॅप्टर तपासा. नवा घेताना व्होल्टेज आणि पिनेचं प्लस-मायनस गेमवर छापल्याप्रमाणेच असू द्या. इथे चूक झाली तर चांगला गेमही जळतो.

आणि आवाज येतोय, पण 'लहानपणी असा नव्हता' असं वाटत असेल, तर कदाचित तेही खरं आहे. काही नकलांच्या चिपमध्ये मूळ फॅमिकॉमपेक्षा आवाजाच्या लहरींचा आकार अदलाबदल झालेला आहे. इंटरनेटवर ऐकलेली मूळ धून आणि घरातल्या गेमची धून म्हणूनच वेगळी वाटते. त्यात टीव्हीचा दोष नाही.

मुद्दा फक्त खेळाचा आहे का?

नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी वस्तूंची आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला एका जागी द्यावी, हा त्याचा हेतू. निवडलेल्या चार क्षेत्रांत घरगुती टिकाऊ वस्तूही आहेत. पण ३.५ मिमीच्या छिद्रात कोणत्या पट्ट्यावर काय आहे, ही एका ओळीची माहिती अनेक टीव्हींच्या पुस्तिकेत सापडत नाही. मोबाइलच्या टाइप-सी चार्जिंगसाठी भारतीय मानक ब्युरोने मानक आणलं. टीव्हीच्या या छिद्राबाबत ग्राहक अजून अंदाजावर आहे.

त्या एका ओळीअभावी चालू वस्तू भंगारात जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमही आहेत. म्हणजे खराब गेमसुद्धा घंटागाडीत टाकायचा नाही, नोंदणीकृत केंद्राकडे द्यायचा. चालू गेम टाकण्याचा तर प्रश्नच नाही.

नवा टीव्ही घ्यायला सीताबर्डीत जा किंवा ऑनलाइन मागवा, तीन प्रश्न आधी विचारा : एव्ही जॅक आहे का? त्याची वायर डब्यात मिळते का? ॲनालॉग ट्यूनर आहे का? टीव्ही घरी आला असेल तर आधी पिनांची अदलाबदल, मग साउंड सिस्टिम, मग स्पीकरवरची चाचणी. कन्व्हर्टरवर पैसे घालवायचे ते त्यानंतरच.