उपकरण घरचे, कसोटी प्रयोगशाळेची

घरगुती उपकरणांची वकिली करण्याची आता गरज उरलेली नाही. थर्मोकोलच्या खोक्यातला इन्क्युबेटर, संगणकाच्या जुन्या पंख्यावर लोहचुंबक बसवून केलेला मॅग्नेटिक स्टरर, प्रेशर कुकरमधले निर्जंतुकीकरण हे सारे हौशी जीवशास्त्रज्ञांच्या आणि विज्ञानशिक्षकांच्या अंगवळणी पडले आहे. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा यांची सोयरीकही जुनीच. फॅनी हेसे यांनी 1881 मध्ये जर्मनीत जीवाणूंच्या संवर्धनासाठी अगर सुचवले, ते जेली करताना त्यांच्या नेहमीच्या वापरातले होते म्हणून. मात्र प्रयोगशाळेत ते टिकले ते वेगळ्या कारणाने. 37 अंशांवर जिलेटिन पातळ होई आणि अगर घट्ट राही. आजच्या घरगुती उपकरणांबाबत नेमका हा पारखण्याचा टप्पा गाळला जातो. उपकरण कसे बनवायचे यावर भरपूर लिहिले जाते. ते किती चुकते यावर क्वचितच. आमच्या मते ज्या उपकरणाची चूक मोजलेली नाही, त्यातून मिळालेल्या निष्कर्षाला काही अर्थ नाही, मग ते शंभर रुपयांत झालेले असो वा लाखात.

कुकरचेच पाहा. घरगुती कुकरमध्ये समुद्रसपाटीला सुमारे 120 अंश तापमान मिळते, म्हणजे ऑटोक्लेव्हच्या 121 अंशांच्या अगदी जवळ. पण हा आकडा आत निव्वळ वाफ असेल तरच खरा. हवा अडकून राहिली तर दाब तेवढाच राहूनही तापमान कित्येक अंशांनी घसरते. म्हणून आधी शिटी न लावता काही मिनिटे वाफेचा जोरदार झोत बाहेर जाऊ द्यायचा, मग शिटी बसवायची आणि पूर्ण दाब आल्यापासून घड्याळ लावायचे. तीन शिट्ट्यांत डाळ शिजते. जीवाणूंचे बीजाणू शिट्ट्या मोजत नाहीत. एवढे केल्यावरही पुरावा हवाच. दर खेपेला एक प्लेट काहीही न पेरता दोन-तीन दिवस उबेत ठेवावी. तिच्यावर वसाहती दिसल्या तर त्या खेपेचे सगळे निकाल बाद. महाविद्यालयांना जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंच्या चाचणीपट्ट्या वापरता येतील. उष्णतेला दाद न देणारे हे बीजाणू मेले, तर कुकरवर भरवसा ठेवता येतो.

इन्क्युबेटरची गोष्टही अशीच. पडद्यावर 37 दिसते ते फक्त सेन्सरच्या टोकाचे तापमान. दिव्याजवळ आणि तळाशी ते वेगळे असते. हौशी मंडळींच्या आवडत्या डीएस18बी20 सेन्सरची ग्वाही अर्ध्या अंशापुरतीच असते. ताप मोजण्याचा डिजिटल थर्मामीटर नेमक्या याच पट्ट्यात अधिक काटेकोर असतो. कोमट पाण्यात दोन्ही बुडवून सेन्सर जुळवून घेता येतो आणि मग तोच खोक्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवून दिवसभराच्या नोंदी करता येतात. सेंट्रिफ्यूजमध्ये घोटाळा एककाचा होतो. मिनिटाला 6000 फेरे ही माहिती त्रिज्येवाचून अपुरी आहे. 5 सेंटिमीटर त्रिज्येला या वेगाने गुरुत्वाच्या सुमारे 2000 पट बल मिळते, 10 सेंटिमीटरला त्याच्या दुप्पट. स्टॅनफर्डमधील मनु प्रकाश आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलेल्या पेपरफ्यूजची किंमत 20 सेंट असल्याचा गाजावाजा झाला. पण दोरीवर फिरणारी ती कागदी चकती मिनिटाला 1,25,000 फेरे घेते हे त्यांनी वेगवान कॅमेऱ्याने मोजले होते आणि तिच्या गतीचे गणितही मांडले होते. खेळण्याला उपकरणाचा दर्जा मिळाला तो या कामामुळे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की एवढी उस्तवार करण्यापेक्षा प्रमाणपत्रासह तयार उपकरण घ्यावे. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. पण विकतचे उपकरणही वापराने ढळते आणि त्याचेही अंशांकन वेळोवेळी करावेच लागते. प्रमाणपत्र त्या दिवसापुरते बोलते. दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे: अशा अटींनी हौशी माणसाचा उत्साहच मावळेल. म्हणून कसोटी कामाच्या बेताने असावी. विरजण लावायला दोन-तीन अंशांचा फरक सहज खपतो. पीसीआरमध्ये प्रायमर चिकटण्याच्या तापमानात तेवढ्याच फरकाने निकाल पालटू शकतो. कुठे किती चूक चालते हे ठरवणे हा प्रयोगाचाच भाग आहे, आणि विद्यार्थ्याला तो शिकवायला स्वतः बांधलेल्या उपकरणाइतके चांगले साधन नाही.

धोक्याचा मुद्दा मात्र वादाचा नाहीच. घरी जोडलेले अतिवेगवान धातूचे रोटर, थेट घरच्या विजेवर चालवलेले जेल इलेक्ट्रोफोरेसिस, उघडे अतिनील दिवे ही काटकसरीची ठिकाणे नव्हेत. हवेतून किंवा मातीतून वाढवलेल्या अनोळखी जीवाणूंची प्लेट उघडू नये आणि निर्जंतुक केल्याशिवाय टाकू नये. जनुकीय फेरफारांना आपल्याकडे 1989चे नियम लागू आहेत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीशिवाय ते काम घरी करण्याचा प्रश्नच येत नाही.

पुढील अंकापासून या मासिकातील उपकरणविषयक प्रत्येक लेखासोबत चार गोष्टी मागितल्या जातील: कोणत्या प्रमाणाशी तुलना केली, किती चूक आढळली, कोणत्या मर्यादेत उपकरण वापरावे आणि कशासाठी मुळीच वापरू नये. किंमत हवी तर पाचव्या ओळीत द्यावी.